खादी भांडारातला तिरंगा (900 × 600 मिमी): शिवणकाम करणारीच्या नजरेतून

लातुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, म्हणून सोसायटीनं झेंडा आणायचं काम माझ्या गळ्यात घातलं. खादी भांडारातून हा अंदाजे तीन बाय दोन फुटांचा घेतला. झेंड्याचे प्रमाणित आकार नऊ, त्यातला हा गच्चीवरच्या काठीला पुरतो.

आधी शिलाई. तिन्ही पट्टे वेगळ्या कापडाचे, जोडांना दुहेरी टीप, मागं एकही धागा लोंबत नाही. काठीकडच्या कडेला जाड कापडाची पट्टी, आत दोरी ओवलेली. चक्र दोन्ही बाजूंनी एकमेकांवर नेमकं बसलंय. आरे मोजले, 24 भरले. ओल्या पांढऱ्या चिंधीनं कडेला घासून बघितलं, रंग सुटला नाही. मागे घाऊक बाजारातून आणलेल्या झेंड्यांत चक्र चक्क अंडाकृती होतं आणि पट्टे कमीजास्त. तसलं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलं असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकलं असतं.

किंमत मात्र अंगावर येते. 2022 मध्ये ‘हर घर तिरंगा’च्या वेळी पोस्टात 25 रुपयांना झेंडा मिळायचा, हा त्याच्या कितीतरी पट. ते 25 रुपयांत जमलं, कारण 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत बदल करून पॉलिस्टरला आणि मशीनवरच्या कापडाला मुभा दिली. त्याआधी हातानं कातलेलं-विणलेलंच लागायचं. स्वस्त झेंडा गरिबाच्या दारावर लागला, त्याला माझी ना नाही. पण हुबळीच्या बेंगेरीत झेंडे करणाऱ्या खादी संघानं तेव्हा विरोध केला होता, तो मला पटतो. देशप्रेम घाऊक हवं झालं, मग कापडही घाऊकच आलं.

आता झेंड्याशी संबंधित, पण दुकानाचा दोष नसलेली गोष्ट. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: प्रत्येक फ्लॅटनं झेंडा लावून फोटो टाकावा, न लावणाऱ्यांची यादी होईल. यादी कशाला? 2002 आधी साध्या माणसाला ठरावीक दिवस सोडून घरावर झेंडा लावायची सोयच नव्हती. उद्योगपती नवीन जिंदल यांना आताच्या छत्तीसगडातल्या रायगढच्या कारखान्यावर लावताना अधिकाऱ्यांनी अडवलं, ते कोर्टात गेले. 23 जानेवारी 2004 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की मान राखून झेंडा फडकवणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. हक्क म्हणजे हजेरी नव्हे. केरळात राष्ट्रगीताला उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे न गाणारी तीन मुलं शाळेतून काढली होती. 1986 मध्ये त्याच कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. कुणी झेंडा जाळला-तुडवला तर 1971 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होते. सरकारनं तेवढं बघावं. कुणाची बाल्कनी रिकामी, हे मोजणं ना सरकारचं काम, ना सेक्रेटरीसाहेबांचं. मी तसं ग्रुपवर लिहिलं. एकदोघांनी अंगठा दिला, बाकीच्यांनी गुड मॉर्निंग.

खादीची शिफारस करायचं आणखी एक कारण आहे, ते कुणी सांगत नाही. झेंडा फाटला-विटला की तो फडकवता येत नाही. संहितेप्रमाणे चारचौघांत नव्हे, तर एकांतात, शक्यतो जाळून, मानानं नष्ट करायचा. कापड ओळखायला आम्ही धागा पेटवून बघतो. सुताची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं, वास मारतं आणि काळी टणक गोळी उरते. 16 ऑगस्टला ते झेंडे घेऊन बसलेल्या माणसानं मानानं करायचं तरी काय?

पाचपैकी चार तारे, एक किमतीपायी कापला. घ्यायचा असेल तर जुलैतच जा, ऑगस्ट उजाडला की हा आकार संपतो. खादी पावसात भिजून जड होते, दोरीवर ताण येतो. रात्रीही फडकवायची परवानगी 2022 पासून आहे, पण मी संध्याकाळी उतरवूनच ठेवते.