बारा जणांचा परदेश दौरा: व्हिएतनाम की मलेशिया-सिंगापूर?

आजी-आजोबा, दोन-तीन भावंडांचे संसार आणि त्यांची शाळकरी मुलं असे दहा-बारा जण पहिल्यांदाच परदेशी जायचं ठरवतात, तेव्हा हल्ली दोन नावं हमखास पुढे येतात. एक व्हिएतनाम आणि दुसरं मलेशिया, त्याला जोडून सिंगापूर. दोन्हीकडे मुंबईहून थेट विमानं आहेत, दोन्हीकडे एका फेरीत तीन-चार शहरं बसतात आणि युरोपच्या मानाने दोन्ही परवडतात. नवरा-बायको दोघंच निघाले असतील तर स्वस्त काय, याचं उत्तर सरळ आहे: व्हिएतनाम. माणसं बारा झाली की ते तितकं सरळ राहत नाही.

याचं कारण असं की सहलीत दोन प्रकारचे खर्च असतात. व्हिसा, विमानाचं तिकीट, रोपवे, थीम पार्क हे सगळं माणशी मोजलं जातं. तिथे घर मोठं असण्याचा काडीचा फायदा नाही, उलट प्रत्येक आकड्याला बाराने गुणायचं. गाडी, अख्खा फ्लॅट, पूर्ण दिवसाचा ड्रायव्हर हे मात्र एकदाच द्यायचं असतं आणि ते बाराजणांत वाटलं जातं. म्हणून देश निवडताना नुसतं 'तिथे जेवण किती स्वस्त' हे बघू नका. तिथला किती खर्च माणशी आहे आणि किती सामायिक, ते बघा.

व्हिसापासूनच सुरुवात करू. व्हिएतनामचा ई-व्हिसा प्रत्येकाला लागतो, कडेवरच्या बाळालाही. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, म्हणजे बाराजणांचे ३०० डॉलर. ऑगस्ट २०२३पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स वरचे पैसे लावतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट टाका. मलेशियाने डिसेंबर २०२३पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे आणि ती सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे. निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं, तेही फुकट. सिंगापूर जोडलं की पुन्हा व्हिसा आला. माणशी ३० सिंगापूर डॉलर म्हणजे बाराजणांचे ३६०, शिवाय एजंटचा आकार वेगळा. थोडक्यात, नुसतं मलेशिया केलं तर व्हिसाचा खर्च शून्य, आणि सिंगापूर जोडलं तर व्हिएतनामच्या बरोबरीला किंवा थोडा वरच.

आता शहरांमधलं अंतर. खरा फरक इथे पडतो.

व्हिएतनाम नकाशावर चिंचोळा दिसतो, पण लांबीला फार मोठा आहे. हनोई ते हो ची मिन्ह हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा असून गाडीला तीस तासांच्या वर लागतात. त्यामुळे हनोई, मग दा नांग आणि होई आन, शेवटी हो ची मिन्ह असा नेहमीचा बेत केला, तर देशांतर्गत दोन विमानप्रवास आले. बाराजणांची चोवीस तिकिटं. स्वस्त विमान कंपन्या हातातली बॅग सात किलोवर मोजतात आणि मोठ्या बॅगेचे पैसे प्रत्येक उड्डाणाला वेगळे घेतात. तिकीट स्वस्त दिसतं, पण सामान धरून हिशोब केला की चित्र बदलतं. यावर एक चांगला उपाय आहे. हनोई ते दा नांग रात्रीच्या रेल्वेने जा. सोळा-सतरा तास लागतात, चार बर्थचे बंद कप्पे असतात, तीन कप्पे घेतले की अख्खं घर बसतं आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. आपल्याकडच्या माणसांना रात्रीच्या गाडीची सवय आहे, मुलांना तर ती सहलीतली सगळ्यात मोठी गंमत वाटेल. गुडघे दुखणाऱ्यांना खालचेच बर्थ मिळतील एवढं बुकिंग करताना बघा.

मलेशियात असा प्रश्नच येत नाही. क्वालालंपूर ते इपोह साधारण २०० किलोमीटर, तिथून पेनांग दीडशेच्या आसपास. दक्षिणेकडे मलाक्का दीडशेच्या आतच, आणि मलाक्काहून सिंगापूर अडीचशेच्या आत. रस्ते उत्तम. क्वालालंपूरहून बटरवर्थला जाणारी ईटीएस ही वेगवान रेल्वे चार-साडेचार तासांत पोचवते, पुढे फेरीबोटीने पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये उतरायचं. बोटीचा तो छोटा प्रवास चुकवू नका. रेल्वे नको असेल तर ड्रायव्हरसकट मोठी व्हॅन घ्या, तिचं भाडं गाडीमागे असतं. विमानतळावरही हेच लागू आहे. तिथून शहरात जाणाऱ्या एक्स्प्रेस ट्रेनचं मोठ्या माणसाचं तिकीट ५५ रिंगिट आहे. एकटा माणूस असेल तर जरूर घ्यावं, पण दहा-बारा जणांना आधी ठरवलेली व्हॅन बरीच स्वस्त पडते आणि थेट दारात सोडते.

गाडी ठरवताना, देश कुठलाही असो, सीटवर विश्वास ठेवू नका. सोळा सीटच्या गाडीत बारा माणसं बसतात, पण त्यांच्या बारा मोठ्या बॅगा बसत नाहीत. व्हिएतनाममध्ये सोळानंतर एकोणतीस सीटची गाडी मिळते. विमानतळ ते हॉटेल या फेऱ्यांना ती घ्या आणि दिवसभर फिरायला सोळाची.

राहण्याच्या बाबतीत मलेशिया पुन्हा पुढे आहे. क्वालालंपूरमध्ये तीन बेडरूमचे, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन आणि खाली पोहण्याचा तलाव असलेले फ्लॅट सहज मिळतात. शेजारशेजारचे दोन घेतले की सगळं घर एका मजल्यावर. पेनांगमध्ये निवासी इमारतींत थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर निर्बंध आहेत, म्हणून तिथे सर्व्हिस अपार्टमेंट बघा. हॉटेल घेतलं तर परदेशी पाहुण्यांना खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या आकड्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो.

व्हिएतनाममध्ये हॉटेलं नक्कीच स्वस्त आहेत आणि सकाळचा नाश्ता सहसा भाड्यातच असतो. पण हनोईच्या जुन्या भागातल्या इमारती अरुंद आणि उंच असतात. छोट्या हॉटेलांत लिफ्ट आहे का, हे आजी-आजोबांसाठी आधी विचारून घ्या. होई आनमध्ये मात्र भातखाचरांच्या कडेला बागेसकट अख्खी घरं भाड्याने मिळतात. व्हिएतनाम ठरवलंत तर सगळ्यात जास्त मुक्काम तिथे करा, असं मी आग्रहाने सांगेन.

सिंगापूरचं काय? तिथे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे. म्हणजे हॉटेलच, आणि त्या खोल्यांत दोन-तीन माणसंच मावतात. बाराजणांना पाच-सहा खोल्या लागतात, आणि दोन रात्रींत मलेशियाच्या आठवड्याची बचत संपते. मलेशियातल्या जोहोर बाहरूला राहून रोज सिंगापूरला ये-जा करावी, असा सल्ला बरेच जण देतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो मानू नका. दोन देशांना जोडणारा सेतू जेमतेम एक किलोमीटरचा आहे, पण बसने जाताना दोनदा उतरून, सामान हातात घेऊन दोन्हीकडच्या इमिग्रेशनच्या रांगा काढाव्या लागतात. सुट्टीच्या दिवशी त्यात कित्येक तास जातात.

सिंगापूर हवंच असेल तर शेवटच्या दोन रात्री ठेवा, परतीचं विमान तिथूनच पकडा आणि फुकटातलं बघा. बोटॅनिक गार्डन्स, मर्लायन, गार्डन्स बाय द बे मधली उंच झाडं आणि रात्रीचा प्रकाशाचा खेळ, यातल्या कशालाच तिकीट नाही. युनिव्हर्सल स्टुडिओजचं मोठ्यांचं तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या वर आहे, तिथे फक्त मुलं आणि सोबतीला दोन मोठे गेले तरी चालतं. व्हिएतनाममध्ये बा ना हिल्सचा रोपवे याच जातीचा आहे: माणशी तीन हजार रुपयांच्या वर. दगडी दिसणाऱ्या दोन हातांनी पेललेल्या तिथल्या पुलाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. तरी सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही.

त्याऐवजी होई आनजवळचं 'मी सॉन' बघा. चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली ही शिवमंदिरं विटांची आहेत, तिथे संस्कृत शिलालेख सापडले आहेत आणि १९९९पासून ती जागतिक वारशात आहेत. आजोबांना घेऊन परदेशी जावं आणि तिथे त्यांना भद्रेश्वराचं, म्हणजे तिथल्या शिवाचं, नाव ऐकायला मिळावं, याची किंमत रोपवेच्या तिकिटात मोजता येणार नाही. मलेशियातल्या बाटू केव्ह्जला मुरुगन स्वामींची ४२.७ मीटर उंच मूर्ती आहे. वर गुहेपर्यंत २७२ पायऱ्या आहेत, पण ज्यांना त्या झेपणार नाहीत त्यांना खालून मूर्तीचं दर्शन निवांत होतं.

जेवणाबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण मोठ्या घरात दोघं-तिघं तरी पक्के शाकाहारी असतात. व्हिएतनाममध्ये मांसाहारी माणसाची चंगळ आहे, शाकाहाऱ्याला मात्र सतत विचारत राहावं लागतं. भाजीतसुद्धा माशांचा सॉस, म्हणजे 'नुओक माम', घातलेला असू शकतो. बौद्ध परंपरेमुळे शुद्ध शाकाहारी खाणावळी मात्र जागोजाग आहेत. पाटीवर 'चाय' (chay), म्हणजे शाकाहारी, हा शब्द शोधा. भात सगळीकडे मिळतो, तेव्हा बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची छोटी बरणी असली की आजीचा एका वेळेचा प्रश्न सुटतो. पाचव्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना वरण-भाताची आठवण येऊन कसंतरी होतं, ते व्हायच्या आत ही सोय केलेली बरी.

मलेशियात एवढी तयारी लागत नाही. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये आणि पेनांगच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या मिळतात. डोसा तिथे 'तोसै' नावाने सगळीकडे आहे. रोटी चनाई घेताना 'डाळ' असं ठासून सांगा, नाहीतर सोबत माशांचा रस्सा येऊ शकतो. सिंगापुरातही हॉकर सेंटरमध्ये पोटभर आणि स्वस्त जेवण होतं. तिथे महाग आहे ती खोली, जेवण नाही.

सिंगापूरला जाताना डब्याबद्दल एक सावधगिरी. खसखस तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवा. खायचा तंबाखू आणि गुटखाही बंद आहे. घरातल्या ज्यांना हे लागू होतं, त्यांना निघण्याआधी शांतपणे सांगा, विमानतळावर नको.

सुट्टी कधीची आहे, यावर निम्मा निर्णय अवलंबून आहे. दिवाळीची असेल तर व्हिएतनाम घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामला जोराचा पाऊस असतो, होई आनच्या रस्त्यांत नदीचं पाणी शिरतं, आणि या फेरीचा गाभाच हातचा जातो. पाऊस त्या काळात पेनांगलाही असतो, पण सहसा दुपारी कोसळून जातो. शिवाय मलेशियात आणि सिंगापुरात दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, लिटल इंडियात रोषणाई असते, आणि घरापासून दूर असूनही सण साजरा झाल्यासारखं वाटतं. मे महिन्यात मध्य व्हिएतनाम कोरडा असतो, समुद्र छान असतो, उकाडा मात्र आपल्यासारखाच. फक्त ३० एप्रिल आणि १ मे टाळा. त्यांच्या त्या जोडसुट्टीत सगळा देश बाहेर पडतो.

माझा कौल असा. वयाची सत्तरी ओलांडलेले, पक्के शाकाहारी किंवा पाच वर्षांखालची मुलं बरोबर असतील, किंवा सुट्टी दिवाळीची असेल, तर मलेशिया, आणि पैशांची ओढाताण असेल तर सिंगापूर वगळून: क्वालालंपूर, इपोह, पेनांग, येताना मलाक्का. पेनांगचं जॉर्ज टाउन आणि मलाक्का ही जागतिक वारशातली शहरं आहेत, नुसती भरताड नव्हेत. मुलं दहाच्या पुढची, खाण्याची बंधनं कमी आणि सुट्टी मे महिन्याची असेल, तर व्हिएतनाम, पण चार शहरं नकोत. हनोईत उतरा, 'हा लाँग' नावाचा उपसागर बघा, रात्रीच्या गाडीने दा नांगला जा, होई आनला निवांत राहा आणि तिथून हो ची मिन्हचं एकच विमान घेऊन मुंबईला परता. डोंग या तिथल्या चलनाच्या नोटा मोजायचं काम एकाच शांत माणसाकडे द्या, कारण २०,००० आणि ५,००,०००च्या दोन्ही नोटा निळ्या आहेत.

तिकिटं काढताना बारा जणांची एकदम शोधू नका. बहुतेक साइट्सवर एका वेळी नऊच्या वर प्रवासी घेताच येत नाहीत. शिवाय स्वस्त दराच्या चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही आठ मागितल्या, तर आठही जागा वरच्या दराने दाखवल्या जातात. आधी एकाच माणसाचा दर बघा, मग चार-चारचे गट करून बघा. पॅकेज घेणार असाल तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल करायचा कर, वेगळा भरावा लागतो. तो पुढे प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात आणि बाराजणांची ती रक्कम लहान नसते.

आणि हे सगळं करण्याआधी बारा पासपोर्ट टेबलावर ठेवून मुदती बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी तो चालू असायला हवा. भाचा-पुतण्या आई-वडिलांशिवाय काका-मामाबरोबर येणार असेल, तर आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र करून घ्या.