कर्लिंगचे बूट: एका हंगामाच्या वापरानंतर, मुख्यतः ग्रिपरविषयी

येथे कॅनडात कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्यापाशी थांबवण्याचा खेळ, शिकू लागलेले आपले बरेच जण बूट घेताना केवळ स्लायडरची, म्हणजे एका बुटाच्या गुळगुळीत, घसरत्या तळाची, जाडी पाहतात. पूर्ण हंगाम खेळल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की पैसे मोजण्यापूर्वी ग्रिपर, म्हणजे बर्फावर पाय घट्ट धरणारे रबर, तपासावा.

हे लिहिण्यास कारण घडले ते आठव्या, म्हणजे शेवटच्या एंडमध्ये (एंड म्हणजे सामन्याची एक फेरी). हॅमर, म्हणजे त्या एंडचा अखेरचा दगड टाकण्याचा हक्क, आमच्या संघाकडे होता आणि स्किपने, म्हणजे कर्णधाराने, ड्रॉ मागितला होता: समोर वाट अडवणाऱ्या दगडाला, म्हणजे गार्डला, वळसा घालून दगड हाऊसमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांत, शक्यतो मध्यावरच्या बटनापाशी थांबवायचा. वेट, म्हणजे दगडाची गती, अचूक होती. परंतु दूरची हॉग लाइन, म्हणजे हाऊसच्या अलीकडची आडवी रेषा, ओलांडताच दगड एकाएकी तिरका झाला आणि हाऊसच्या अलीकडेच थांबला. त्या वाटेवर काळ्या रबराचा बारीक कण सापडला. तो माझ्या ग्रिपरचा होता.

यालाच 'पिक' म्हणतात. शीटवर, म्हणजे खेळाच्या बर्फाच्या पट्टीवर, पाण्याचे तुषार गोठवून बारीक उंचवटे केलेले असतात. त्यांना पेबल म्हणतात. जवळजवळ वीस किलोचा दगड त्यांवरून सरकतो तो तळाच्या अरुंद कड्यावर, म्हणजे रनिंग बँडवर. सारा भार तेवढ्याच पट्टीवर असल्यामुळे तिच्याखाली केसभर कचरा आला तरी दगडाची दिशा आणि गती दोन्ही बिघडतात, आणि मग कितीही जोराने स्वीपिंग केले, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशने घासला, तरी तो सावरत नाही.

स्लायडरबद्दल मात्र माझे मत पूर्ण बदलले. पाव इंची टेफ्लॉनवर हॅकमधून, म्हणजे बर्फावरच्या पाय रोवण्याच्या आधारातून, निघताना सुरुवातीला तोल जाई आणि पातळ तळ घ्यायला हवा होता असे वाटे. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा उजवा पाय हॅकमध्ये आणि डावा पाय स्लायडरवर असतो. सारा भार त्या डाव्या पायावर घेण्याची सवय झाली, तसा हाच वेगवान तळ आवडू लागला. आता जवळच्या हॉग लाइनपूर्वी, घाई न करता, हँडलला आतली किंवा बाहेरची फिरकी (इन-टर्न किंवा आउट-टर्न) देऊन दगड सोडता येतो.

ग्रिपरला मात्र ही सवलत देता येत नाही. स्वीपिंगच्या वेळी स्लायडरवर चढवायचे ते रबरी आवरण हंगाम संपण्यापूर्वीच कडक झाले, टाचेकडे त्याला भेगा पडल्या आणि तेथूनच कण सुटू लागले. विक्रेत्याने ते झिजणारे सामान असल्याचे सांगून हमी नाकारली. एवढ्या महाग बुटांसोबत असे रबर द्यावे आणि ते बदलण्याचा भुर्दंड ग्राहकावर टाकावा, हे मला मुळीच मान्य नाही. ग्रिपरचा नवा जोड मी पदरच्या पैशांनी घेतला. तो मऊ आहे, बर्फावर पक्का बसतो आणि अद्याप एकही कण सुटलेला नाही.

ग्रिपर घालून वाहनतळावर चालू नये. वाळू त्यात रुतते आणि थेट शीटवर येते. बर्फावर उतरण्यापूर्वी त्याची कड अंगठ्याने वाकवून पाहावी. भेग उघडली तर तो बदलावा. ज्यांना पुढच्या वर्षी खेळायचे की नाही हे ठरवायचे आहे, त्यांनी हे बूट तूर्त घेऊच नयेत: स्वच्छ तळाचे खेळाचे बूट आणि क्लबकडे मिळत असेल तर चढवता येणारा स्लायडर, एवढ्यावर पहिला हंगाम व्यवस्थित निभावतो.