संस्थेच्या ऑफिसला काय टाकायचं: गूगल, मायक्रोसॉफ्ट का लिब्रे ऑफिस?

पंचवटीतल्या एका छोट्या ट्रस्टचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो, पगार नाही, चहा मिळतो. ऑफिसात तीन माणसं, दोन जुने डेस्कटॉप, देणगीत आलेला एक लॅपटॉप आणि पेठ-सुरगाण्याकडे फिरणारे चार कार्यकर्ते, त्यांच्याकडे फक्त मोबाइल. ओळखीतल्या इतर संस्थावाले सारखं विचारतात की बाबा नक्की काय घेऊ. तिन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय.

पैशाचं आधी मिटवतो. रजिस्टर्ड संस्थेला गूगल वर्कस्पेसची (मेल, डॉक्स, शीट, ड्राइव्ह सगळं एकत्र) नॉनप्रॉफिट आवृत्ती फुकट मिळते, कागदपत्रांची पडताळणी होते, मग संस्थेच्या नावाचा मेल आणि सगळ्यांत मिळून १०० टीबी जागा. खर्च काय तर डोमेनचे, म्हणजे संस्थेच्या नावाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे, वर्षाचे पैसे. मायक्रोसॉफ्टचं बिझनेस बेसिकही अशा संस्थांना ३०० जणांपर्यंत फुकट आहे, पण त्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवरच चालतं, मशीनवर टाकायचं मिळत नाही. आधी बिझनेस प्रीमियमची १० लायसन्स फुकट मिळायची, त्यात डेस्कटॉपवालं यायचं, ते २०२५ च्या जुलैपासून बंद केलं, त्यामुळे कोणी जुन्या माहितीवर तुम्हाला 'मिळतं की फुकट' सांगितलं तर परत एकदा बघून घ्या. लिब्रे ऑफिस, वर्ड-एक्सेलसारखंच मशीनवर टाकायचं, ते तर कोणालाही फुकट, २०१० मध्ये ओपन ऑफिसमधून वेगळं निघालेलं, ना रजिस्ट्रेशन ना लायसन्स.

म्हणजे तिन्हीकडे खिशाला फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसरीकडे.

आमच्याकडे देणगीदारांची यादी एका स्वयंसेवक पोराच्या स्वतःच्या जीमेलवर होती. पोरगा हुशार, मनापासून काम करणारा, पण पुण्याला नोकरी लागली, नंबर बदलला, पासवर्ड विसरला आणि ओटीपी जुन्या नंबरवर. यादी गेली ती गेलीच. यात सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती, आमची होती. वर्कस्पेसमध्ये शेअर्ड ड्राइव्ह म्हणून प्रकार आहे, त्यातली फाइल माणसाची नसते, संस्थेची असते, माणूस गेला तरी फाइल जागेवर. माझ्या मते गूगल घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी फॉर्म वगैरे नंतर. हां, फॉर्मही कामाचाच आहे, सुरगाण्याकडची ताई मोबाइलवर मुलांची हजेरी भरते आणि इथे शीटमध्ये येते, आणि डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप होतं त्यामुळे रिपोर्ट लिहायचा कंटाळा कमी झालाय.

आता गूगल कुठे अडतं ते ऐका. आमच्या ऑफिसातल्या काकूंकडे वीस वर्षांची पत्रं, पावत्या, ठराव सगळं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. ते मी उत्साहाने ड्राइव्हवर चढवलं आणि काकूंनी उघडलं तर, "अहो, हे काय चिनी आलं?" जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, फॉन्ट नसला की खालचं कचरापट्टी इंग्रजी दिसतं. ज्या मशीनवर फॉन्ट टाकलाय तिथे लिब्रे ऑफिसमध्ये तीच फाइल व्यवस्थित उघडते, डेस्कटॉपवरच्या वर्डमध्येही. आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये. गेल्या वर्षी १०बीडी, म्हणजे इन्कम टॅक्सला देणगीदारांची माहिती द्यायचा फॉर्म, भरायला बसलो, ३१ मे शेवटची तारीख, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि यादीतली निम्मी नावं जुन्या फॉन्टमध्ये. कॉपी-पेस्ट केलं की नावाच्या जागी नुसतं एस, कंस आणि टिंबं. दोन रात्री बसून हाताने टाइप केली. त्यामुळे काहीही निवडा, नवीन सगळं युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं, जुनं एका मशीनवर तसंच राहू दे.

लिब्रेचं आणखी एक म्हणजे नेट गेलं तरी चालतं आणि जुन्या मशीनवर पण. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आमचा एक डेस्कटॉप ११ घेत नव्हता, त्यावर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं आणि लिब्रे, काकूंना आठवडाभर राग होता आता विसरल्या. सेटिंगमध्ये जाऊन सेव्ह होताना वर्डचा फॉरमॅट कायमचा लावून ठेवा, नाहीतर समोरचा म्हणतो फाइल उघडत नाही.

मायक्रोसॉफ्ट कोणाला? ज्यांचं काम सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशावर, चालतं त्यांना. सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडून प्रपोजलचा जो वर्डचा साचा येतो ना, चौकटीत चौकट, ते लिब्रेमध्ये उघडलं की टेबल पुढच्या पानावर पळतं, गूगल डॉक्समध्ये पण तेच. सीएने मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) असलेलं एक्सेल पाठवलं तर विषयच संपला. अशा वेळी एकाच माणसासाठी डेस्कटॉपवालं लायसन्स सवलतीत विकत घ्या, सगळ्यांना कशाला. आणि क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, टाकू नका राव, देणगीदारांचे पॅन नंबर असतात त्या मशीनवर.

हिशोबाचं यात कुठेच धरू नका, त्याला टॅली आहेच.

तुमच्याकडे फिरणारी माणसं जास्त असतील तर गूगल आणि ऑफिसच्या मशीनवर लिब्रे, हे आमचं चाललंय. अ‍ॅडमिन दोन जण ठेवा, एक ट्रस्टी पाहिजेच, ओटीपीचा नंबर ऑफिसचा. डोमेन संस्थेच्या नावावर, आणि रिन्यूअल विसरू नका, ते गेलं की सगळे मेल बंद. आमची तारीख काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवलीय, गॅस सिलिंडरच्या खाली.