बागेतल्या तळ्यावरची जाळीची सावली: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे तळे १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि अडीच फूट खोल आहे. त्यात ५ हजार लिटरच्या आसपास पाणी मावते आणि गोल्डफिश व चार लहान कोई मासे राहतात. भर उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास वरच्या थरातले पाणी ३४ अंशांपर्यंत तापू लागले आणि मासे दिवसभर तळाशी दडून बसू लागले, तेव्हा सावलीची सोय करण्याचे ठरवले. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात. शिवाय उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे मार दोन्ही बाजूंनी बसतो.

पहिली रचना घाईत उभारली आणि ती जवळजवळ प्रत्येक बाबतीत चुकली. नव्वद टक्के ऊन अडवणारी दाट जाळी पाण्यापासून जेमतेम दोन फुटांवर, संपूर्ण तळ्यावर आडवी ताणली होती. जाळीखाली हवा कोंडली, खाद्य टाकायला आणि गाळणी साफ करायला प्रत्येक वेळी एक बाजू सोडावी लागली आणि महिन्याभरात कुमुदिनीला कळ्या येणे थांबले. ह्या वनस्पतीला फुलण्यासाठी रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, हे मला ठाऊक होते; तरीही माशांच्या काळजीपोटी मी तिकडे दुर्लक्ष केले.

याहून गंभीर प्रकार तिसऱ्या दिवशी घडला. तळ्याचे पाणी तोवर शेवाळाने गडद हिरवे झालेले होते. एकाएकी अंधार झाल्यामुळे ते शेवाळ मरू लागले आणि कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू खाल्ला. पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून धापा टाकत होते. प्राणवायूची पातळी पहाटेच सर्वांत खाली जाते, कारण रात्रभर वनस्पतीही तो वापरतच असतात. हवेचा पंप हाताशी होता म्हणून निभावले. हिरव्या पाण्यावर सावली करायची असेल, तर आधी थोडे थोडे पाणी बदलावे, पंप रात्रभर चालू ठेवावा आणि जाळी आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पुढे सरकवावी.

मग पहिला मोठा पाऊस आला. नायलॉनची दोरी भिजली की ताणते. त्यामुळे जाळी झोळीसारखी लोंबून पाण्याला टेकली आणि एक कोई तिच्या कापलेल्या कडेच्या धाग्यांत अडकला. कोई आणि गोल्डफिश या दोघांच्याही पाठीवरच्या पराचा पुढचा काटा करवतीसारखा दातेरी असतो. तो धाग्यात एकदा शिरला की मासा जितका धडपडेल तितका अधिक गुंततो. मासा वाचला, पण बरेच खवले गेले आणि जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर जाळीची प्रत्येक कड दुमडून शिवून घेतली आणि नायलॉनऐवजी पॉलिस्टरची दोरी वापरली. ती भिजून फारशी ताणत नाही.

सध्याची रचना गेले सात महिने उभी आहे. हिचा विचार करताना सर्वांत उपयोगी पडले ते शाळेतले भूमितीचे ज्ञान. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर उतरला की ७ फूट उंचीवरच्या जाळीची सावली ७ फूट पूर्वेला सरकते, म्हणजे ज्या वेळी पाणी सर्वाधिक तापलेले असते, नेमक्या त्याच वेळी तळ्याच्या मापाची आडवी जाळी शेजारच्या हिरवळीला सावली देत असते. म्हणून आता पन्नास टक्के ऊन अडवणारी विणीची जाळी तळ्याच्या पश्चिमेकडच्या दोन-तृतीयांश भागावर आहे. तिची पूर्वेकडची कड साडेसात फुटांवर आहे, तर पश्चिमेकडची कड काठाच्या दोन फूट पलीकडे पाच फुटांपर्यंत खाली आणलेली आहे. सकाळचे ऊन मोकळे येते, त्यावर कुमुदिनी पुन्हा फुलू लागली, आणि दुपारचे ऊन तिरके आले तरी अडते. चारच्या सुमाराचे तापमान आता ३० ते ३१ अंशांवर थांबते. जाळी अजून दाट घेण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. माझ्या मते टक्केवारीपेक्षा जाळीची जागा आणि खालून खेळणारी हवा अधिक महत्त्वाची आहे.

सांगाड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पहिल्या वेळी जस्ताचा मुलामा दिलेले पाइप थेट पाण्यावरून नेले होते. पावसानंतर त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली आणि थेंब तळ्यातच पडत होते. जस्त माशांच्या कल्ल्यांना घातक असते, आणि पाणी मऊ किंवा आम्लधर्मी असेल तर अधिकच. तांबेयुक्त औषध मुरवलेले लाकूड तर तळ्याच्या वर नकोच, कारण तांबे माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते. आता चारही खांब काठापासून दोन फूट दूर आहेत आणि पाण्यावर जाळी व स्टेनलेस स्टीलच्या दोन तारा याखेरीज काहीही नाही. खांबांच्या पायात काँक्रीट भरताना तळे प्लास्टिकने झाकले होते. ओल्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) वर चढतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो.

सावलीकडून जे मिळाले नाही, तेही सांगायला हवे. पाणी निवळले, परंतु भिंतींवरचे केसाळ शेवाळ आहे तसेच आहे. त्याचे मूळ जास्तीच्या खाद्यात आणि अपुऱ्या गाळणीत आहे, आणि त्यावर जाळी काय करणार? बाष्पीभवन मात्र स्पष्टपणे घटले. पूर्वी एक दिवसाआड पाणी भरावे लागे, आता आठवड्यातून एकदा पुरते, त्यामुळे नळाचे क्लोरीनयुक्त पाणीही तळ्यात कमी जाते. बगळ्यापासून संरक्षण होईल ही अपेक्षा फोल ठरली. तो मोकळ्या पूर्वेकडच्या काठाने निवांत चालत येतो.

देखभाल म्हणजे दर रविवारी जाळीवरची पाने झाडणे आणि महिन्यातून एकदा तारांचा ताण तपासणे. वाऱ्याचा जोर वाढणार असे दिसले की पश्चिमेकडचे हुक सोडून जाळी गुंडाळून ठेवतो. दोघांना दहा मिनिटे लागतात. आतापर्यंत एक आयलेट (जाळीच्या कडेला हुक अडकवायचे कडे) फाटले आहे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातले. तिथे कापडाची दुहेरी पट्टी शिवून नवीन बसवले आहे.