कोल्हापुरातला शेवटचा दिवस: शहरातच मासे खायचे की घाट उतरायचा?

कोल्हापुरात येऊन मासे खाणार म्हटलं की इथला माणूस आधी तुमच्याकडे संशयानं बघतो. त्याचंही बरोबर आहे. पण दोन-तीन दिवस मटण ताट, तांबडा-पांढरा आणि मधल्या वेळेला मिसळ असं झालं की पोटच सोलकढी मागायला लागतं. मग शेवटच्या दिवशी घोळ सुरू होतो. राहिलेलं बघून इथल्याच मालवणी खानावळीत जेवायचं, की गाडी काढून थेट समुद्र गाठायचा?

आधी अंतराचा हिशोब करू. आंबा घाटातून रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर, गगनबावड्यावरून मालवण दीडशेच्या आसपास. आकडा फार वाटत नाही. पण घाटातली वळणं, रस्त्याची कामं आणि हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्या, हे सगळं धरलं की एका बाजूला साडेतीन तास मोजावेच लागतात. सकाळी सहाला निघालात तर चहा-नाश्ता करत दहाला पोचाल. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची असेल तर दोन-अडीचला परत फिरायला हवं. म्हणजे सात तास गाडीत आणि चार तास समुद्रावर, त्यातही तासभर ताट यायची वाट बघण्यात. रत्नागिरीचा थिबा राजवाडा नाहीतर मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला यात नीट बसत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरून किल्ल्यात जायला होडी लागते आणि पावसाळ्यात ती बंद असते.

घाटाचीही खात्री करून घ्या. गगनबावड्यापासून खाली दोन वाटा आहेत, करूळ आणि भुईबावडा. करूळ घाट मध्यंतरी रस्त्याच्या कामासाठी बरेच महिने बंद होता आणि सगळी वाहतूक भुईबावड्यानं चालली होती. पावसाळ्यात दरडींचा भरवसा नाही. आदल्या रात्री लॉजवाल्याला किंवा एखाद्या गाडीवाल्याला विचारा, मोबाईलमधल्या नकाशावर विसंबू नका.

आता शहर. इथे दिवसाचा क्रम आपोआप ठरतो, कारण मासे-मटण खाऊन अंबाबाईच्या देवळात कुणी जात नाही. त्यामुळे दर्शन सकाळी. मंगळवार-शुक्रवारी रांग लांबते, तेव्हा आणखी लवकर. तिथून भवानी मंडप चालत दोन मिनिटांवर आहे, आणि मग टाउन हॉल. हे संग्रहालय बहुतेक पाहुणे गाळतात, कारण न्यू पॅलेसची भव्यता इथे नाही. मी मात्र न्यू पॅलेस आधी झालेला नसला तरी टाउन हॉलच सुचवीन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहन काळातली वस्ती सापडली. तिथल्या वस्तू या संग्रहालयात आहेत, आणि त्यांत रोमन व्यापारातून आलेली पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. माशाच्या बेतासाठी निघालेल्या माणसानं आधी त्याला नमस्कार करायला हरकत नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं, एवढं ध्यानात ठेवा.

पन्हाळा राहिला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. शहरापासून वीसेक किलोमीटर, पण तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी एवढं बघायला अर्धा दिवस जातोच. पन्हाळा न बघता समुद्राकडे पळणं मला पटत नाही. सकाळी गड करा आणि दोनला उतरून जेवा.

राहिला मुद्दा माशाचा, आणि खरा फरक इथेच आहे. कोल्हापुरात मासळी कोकणातून बर्फावर येते. त्यात वाईट काही नाही, फक्त काय मागवायचं ते कळलं पाहिजे. सुरमई, पापलेट, कोळंबी बर्फावर बऱ्यापैकी टिकतात. बांगडा आणि तारली तेलकट, लवकर उतरतात. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे तो प्रवासातच लिबलिबीत होतो. म्हणून शहरात सुरमई फ्राय आणि कोळंबी मसाला घ्या. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि बोंबील फ्राय किनाऱ्यासाठी राखून ठेवा. ऑर्डर देण्याआधी "आज काय आलंय?" एवढंच विचारा. चांगला वाढपी एक-दोन नावं सांगतो. मेनूकार्डावरचं सगळंच आहे म्हणाला तर सावध व्हा. ताटात तुकडा आला की काट्याजवळ बोटानं दाबून बघा. ताज्या सुरमईच्या जाडसर पाकळ्या सुटतात, शिळी असेल तर पिठूळ लागते.

चवही थोडी बदलते. किनाऱ्यावर ओलं खोबरं आणि कोकम पुढे असतं. इथे बऱ्याच ठिकाणी मसाला कांदा-लसूण चटणीकडे झुकतो, त्यामुळे झणझणीत आवडणाऱ्याला कोल्हापूरचीच सुरमई जास्त भावेल. गोड्या पाण्यातली मरळ किंवा चिलापी मिळाली तर तीही खाऊन बघा. ती मात्र जवळपासच्या नदी-तलावातली आहे का ते विचारून घ्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात नुसत्या माशासाठी घाट उतरण्यात अर्थ नाही. तिथेही मासळी कमीच असते आणि बरीचशी साठवणीतली वाढली जाते.

तर माझं मत सरळ आहे. रात्री कोल्हापुरातूनच गाडी पकडायची असेल तर शहरात राहा. जेवून चप्पल लाईनीत फिरा, संध्याकाळी रंकाळ्यावर जा. घाट उतरण्याचा बेत फक्त परत यायचं नसेल तरच करा. हा तिसरा पर्याय लोक विचारातच घेत नाहीत. सामान गाडीत टाकून सकाळी निघा, दुपारी निवांत जेवा, संध्याकाळी रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर नाहीतर मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघा, आणि रात्री रत्नागिरी किंवा मालवणजवळच्या कुडाळहून कोकण रेल्वेनं मुंबईला जा. कोल्हापूर ते कोकण रेल्वेमार्ग अजून झालेला नाही, त्यामुळे घाट रस्त्यानंच उतरावा लागतो, पण एकदाच. कोकण रेल्वेचं तिकीट मात्र कोल्हापूरचं हॉटेल बुक करण्याआधी काढा. सुट्टीच्या दिवसांत ते ऐनवेळी मिळत नाही.