मुंबईहून परदेशी लो-कॉस्ट विमान: थेट असेल तर जरूर घ्या, जोडून घ्यायचं तर जपून

मुंबईहून दुबई, शारजा, दोहा, कुवेत किंवा बँकॉकला थेट जायचं असेल तर लो-कॉस्ट कंपनीचं तिकीट हा चांगला सौदा आहे. दुबईला सव्वातीन तास लागतात, बँकॉकला साडेचार. एवढ्या वेळासाठी गुडघ्यापुढची जागा कमी, जेवण विकत आणि समोर स्क्रीन नाही, हे सहज चालून जातं. मात्र त्या तिकिटाला पुढचं दुसरं तिकीट स्वतः जोडून बाली, जॉर्जिया किंवा युरोप गाठायचा बेत असेल, तर स्वस्ताई कागदावरच राहण्याची शक्यता मोठी. त्याची कारणं पुढे येतीलच.

पर्याय भरपूर आहेत. इंडिगो आणि एअर इंडिया एक्सप्रेस आहेतच. अकासाने 28 मार्च 2024 ला मुंबई-दोहाने आपली परदेशी सेवा सुरू केली. शारजाला एअर अरेबिया, दुबईला फ्लायदुबई, कुवेतला जझीरा, व्हिएतनामला व्हिएतजेट, बँकॉकला थाई लायन एअर. तुलना करताना पहिल्या पानावरचा आकडा बाजूला ठेवा आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा. बॅग, सीट आणि जेवण जाताना वेगळं, येताना वेगळं घ्यावं लागतं. जातानाची बॅग घेतली म्हणून परतीची आपोआप मिळत नाही. परदेशी कंपनीच्या साइटवर दिरहम किंवा बाथमध्ये पैसे कापले गेले तर बऱ्याच कार्डांवर 2 ते 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचा बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लागतो. साइट रुपयांत रक्कम दाखवत असेल तर तिने कोणता विनिमय दर धरलाय तेही पाहा, कारण तो बँकेच्या दरापेक्षा महाग असू शकतो. एवढं सगळं मिळवून शेजारी 25-30 किलो सामान आणि जेवण धरून असलेल्या नेहमीच्या कंपनीचं तिकीट ठेवा. फरक तीन-चार हजारांच्या आत आला तर माझं मत नेहमीच्या कंपनीला. फक्त हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याने मात्र डोळे झाकून लो-कॉस्ट घ्यावं.

हातातल्या बॅगेचा हिशेब नीट करायला हवा, कारण बहुतेक ठिकाणी मर्यादा 7 किलोची आहे. चाकांची टणक कवचाची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. त्यात लॅपटॉप आणि चार्जर टाकला की आणखी दोन किलो गेले, कपड्यांना दोन-अडीच किलो उरले. त्याऐवजी किलोभराच्या आतली कापडी सॅक घेतली तर तेवढ्याच मर्यादेत दोन किलो जास्त बसतात. एअर अरेबिया दोन नग मिळून 10 किलो देते. एअर इंडिया एक्सप्रेसच्या 'एक्सप्रेस लाइट' भाड्यात चेक-इन बॅग नसते, पण आधी नोंदवलं तर केबिनचे 3 किलो फुकट वाढवून मिळतात. वजन काउंटरवर होतं तसं गेटवरही होऊ शकतं, आणि गेटवरचा दर सगळ्यात महाग. बॅग लागणारच असेल तर ती तिकिटासोबतच घ्या, नाहीतर निदान वेबसाइटवरची मुदत संपायच्या आत.

मोठ्या बॅगेत दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे नगांची अट. भाड्यात '20 किलो, 1 नग' असं असेल तर 9 आणि 10 किलोच्या दोन बॅगा नेल्यावर वजन आत असूनही दुसऱ्या नगाचे पैसे पडतात. दुसरी, एका नगाची कमाल मर्यादा 32 किलो. सामान उचलणाऱ्या कामगारांसाठी ही मर्यादा आहे, त्यामुळे जादा पैसे भरूनही त्याहून जड बॅग चालत नाही. कुटुंबाने एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, तिकिटं काढावीत. काही कंपन्या त्या सगळ्यांचं वजन एकत्र धरतात, वेगळ्या पीएनआरवर सहसा धरत नाहीत.

आता मराठी घरातल्या बॅगेत हमखास जाणारं सामान. सुकं खोबरं, वाटी असो की अख्खा गोटा, काढून ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून विमानात धोकादायक माल ठरतं, आणि आपल्याकडे चेक-इनमध्येही काढून घेतात. लोणचं, तूप, श्रीखंड, ओली चटणी हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवाच्या हिशेबात जातं. हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर काही नको, बरण्या चेक-इनमध्येच, झाकणावर चिकटपट्टी आणि दोन पिशव्या चढवून. कोरडे पदार्थ, म्हणजे चपात्या, चिवडा, चकल्या, हातात नेता येतात. यूएईला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि तिच्यापायी लोकांना तुरुंगवास झालेला आहे. खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घालून कुटलेला घरचा मसाला नेण्याचीही जोखीम घेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून पेढे-बर्फी तिकडे नकोच.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 साठी कंपनीची संमती लागते. 20,000 एमएएचची पॉवर बँक सुमारे 74 वॉट-अवरची, म्हणजे चालते. पण तिच्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर ती तपासणीत अडते. 2025 पासून बऱ्याच कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायला बंदी घातली आहे आणि लो-कॉस्ट विमानांत सीटपाशी चार्जिंग असेलच असं नाही, तेव्हा फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

तिकीट काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून असतं, म्हणून पहिल्या रकान्यात दोन्ही नावं आणि आडनाव वेगळं. लग्नानंतर आधार बदलला आणि पासपोर्ट जुनाच राहिला असेल तर तिकीट जुन्या नावाने. पासपोर्टवर आडनावच नाही, एकच शब्द आहे, अशांना यूएईचा पर्यटक व्हिसा नोव्हेंबर 2022 पासून मिळत नाही. त्यांनी आधी पासपोर्ट दुरुस्त करावा. स्वस्त भाड्यावर नाव दुरुस्त करायचे पैसे कधीकधी नव्या तिकिटाच्या जवळ जातात.

मुंबईची बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तारखेचा घोळ इथेच होतो. तिकिटावर 12 तारीख, 00:40 असेल तर विमानतळावर 11 तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत पोचायचं. सहारच्या टर्मिनल 2 ला आता भुयारी मेट्रो 3 येते, तिचा उपयोग संध्याकाळी घरून निघणाऱ्यांना आहे. पहाटे तीनला उतरणाऱ्याला टॅक्सीच. इमिग्रेशनच्या रांगेवर एक फुकटचा उपाय आहे: केंद्र सरकारची जलद इमिग्रेशन योजना, एफटीआय-टीटीपी, 16 जानेवारी 2025 पासून मुंबईतही सुरू आहे. ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे आणि फोटो, त्यानंतर स्वयंचलित गेट. वर्षातून एकदा जरी जात असाल तरी करून घ्या. चेक-इनचा काउंटर विमान सुटण्याच्या किमान तासभर आधी बंद होतो आणि लो-कॉस्टमध्ये उशिरा आलेल्यासाठी थांबायची पद्धत नाही.

आता जोडून घेतलेल्या तिकिटांकडे. लो-कॉस्ट कंपनी प्रवाशाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते आणि तिथे तिची जबाबदारी संपते. दोन वेगळ्या पीएनआरवर प्रवास म्हणजे पहिलं विमान चार तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त गैरहजर. मुंबई-बँकॉक-बाली असा प्रवास धरा. थाई लायन एअर बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर उतरवते आणि पुढचं विमान तिथल्याच दुसऱ्या विमानतळावरून, सुवर्णभूमीहून, असू शकतं. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅग ताब्यात घेणं, कस्टम्स, मग दोन्ही विमानतळांमधली मोफत बस. तिच्यासाठी पुढचं तिकीट दाखवावं लागतं, आणि मध्यरात्रीनंतर तिच्या भरवशावर राहू नये. शहराच्या गर्दीत तास-दीड तास. सुवर्णभूमीला पुन्हा चेक-इनची रांग, नव्या कंपनीचं नवं वजन, पुन्हा इमिग्रेशन. कागदावरचे चार तास यात पुरत नाहीत. दिवसा किमान सहा तास ठेवा, त्याहून बरं म्हणजे एक रात्र बँकॉकमध्ये काढून दुसऱ्या दिवशीचं विमान घ्या.

व्हिसाचा प्रश्न याहून अवघड. बॅग घ्यायला बाहेर यावं लागणार म्हणजे मधल्या देशाचा व्हिसा हवा. मुंबईच्या काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक या यंत्रणेत तुमच्या पासपोर्टचे नियम बघतो आणि 'दुबईचा व्हिसा नाही, बॅग दुबईपर्यंतच' असं दिसलं की बोर्डिंग पास देत नाही. तो आडमुठेपणा करत नसतो. प्रवाशाला परत पाठवलं तर त्याला आणण्याचा खर्च आणि बहुतेक देशांत दंडही कंपनीवर पडतो. अशा वेळी पुढचं तिकीट, हॉटेल, सगळं वाया जातं.

विमानतळ बदलतोय का, हे तिकिटावरच्या तीन अक्षरी कोडवरून पाहायचं. इस्तंबूलमध्ये नवा विमानतळ युरोपच्या बाजूला, तर पेगाससचा सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. क्वालालंपूरला एअरएशिया टर्मिनल 2 वर आहे. टर्मिनल 1 पासून ट्रेनने काही मिनिटांचं अंतर, पण इमिग्रेशन पार करून बाहेर यावंच लागतं. दुबईत फ्लायदुबईची बरीच विमानं टर्मिनल 2 ला लागतात, एमिरेट्स टर्मिनल 3 ला, आणि मध्ये धावपट्ट्या आहेत. आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे: नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू आहे आणि त्याचा कोड एनएमआय, सहार-सांताक्रूझचा बीओएम. देशांतर्गत विमानाने एनएमआयला उतरून सहारहून परदेशी विमान पकडायचं असेल तर पाच तासांच्या खाली जाऊ नका. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी खंडाळा घाटासाठी दोन तास वेगळे धरावेत.

युरोपात पोचून पुढे रायनएअर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथली फुकटची बॅग 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटर एवढीच, म्हणजे मुंबईहून नेलेली केबिन ट्रॉली तिथे जादा पैशांची.

जोडप्रवास करायचाच तर एका पीएनआरवर करा. फ्लायदुबई आणि एमिरेट्स यांचा कोडशेअर, म्हणजे एकमेकांच्या विमानांची तिकिटं विकण्याचा करार, आहे, इंडिगोचेही परदेशी कंपन्यांशी असे करार आहेत. त्यात बॅग पुढे जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर सोय त्यांनी करायची. परतीत मात्र मुंबईहून पुढे नागपूर किंवा गोवा असेल तर बॅग साधारणपणे मुंबईत घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते.

पॉइंट्सच्या मोहाने लो-कॉस्ट निवडू नये. इथे पॉइंट्स अंतरावर मिळत नाहीत, खर्चावर मिळतात. भाडं मुळातच कमी, म्हणून पॉइंट्सही थोडे, आणि फुकट तिकिटावरही कर भरावे लागतातच. वेगळी आहे ती फ्लायदुबई, कारण तिच्या प्रवासावर एमिरेट्सचे स्कायवर्ड्स माइल्स जमा होतात आणि ते एमिरेट्सवरही वापरता येतात. मुंबई-दुबई वारंवार करणाऱ्याने सदस्य क्रमांक बुकिंगच्या वेळीच टाकावा. माइल्सना मुदत असते, तीन वर्षांत वापरावे लागतात. इंडिगोची ब्लूचिप ही पॉइंट्स योजना देशांतर्गत सतत फिरणाऱ्याला उपयोगी, वर्षातून एकदा बँकॉकला जाणाऱ्याला नाही.

बेत बदलला तर 'नॉन-रिफंडेबल' वाचून गप्प बसू नका. भारतीय कंपनीचं तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत द्यायचा डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या विमान नियामकाचा, नियम स्वस्त भाड्यालाही लागू आहे. ते मागावे लागतात. नाही मिळाले तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार. बॅग आली नाही किंवा फुटली तर पट्ट्याजवळच्या काउंटरवरून पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा, क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची 21 दिवसांत करायची असते, आणि बॅगेच्या भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग आणि आतल्या वस्तूंच्या पावत्यांचे फोटो निघण्याआधी फोनमध्ये ठेवले की अर्ज त्याच दिवशी पाठवता येतो.