आठवड्याला फक्त दहा तास

"नोकरी सोडायची काही गरज नाही साहेब. आठवड्याला दहा तास दिलेत तरी खूप झालं. बाकी सगळं सिस्टिम सांभाळते." फ्रँचायझी, म्हणजे कंपनीचं नाव लावून तिच्या नियमांप्रमाणे दुकान चालवायचा हक्क, विकायला आलेल्या प्रतिनिधीचं हे बोलणं मी वहीत उतरवून घेतलं होतं. करारात ते कुठेच नव्हतं. हे कळलं सही करून पाच महिने झाल्यावर.

धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा. सकाळी 9 ते रात्री 9, सातही दिवस दुकान उघडं हवं, ही कंपनीची अट. म्हणजे आठवड्याचे 84 तास. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असं धरलं, तर नुसत्या काउंटरलाच पावणेदोन माणसं लागतात. आत मशीनवरची वेगळी. हा हिशेब शाळकरी पोरानेही केला असता. मी केला नाही, कारण प्रतिनिधीने दिलेल्या तक्त्यात महिन्याच्या नफ्याचा आकडा ठळक छापला होता आणि माझी नजर तिथून हलेना.

दुकान सुरू झालं आणि वेळ कुठे जातो ते दिसायला लागलं. काउंटरवरचा मुलगा न सांगता गैरहजर राहिला की ऑफिसातून पळत मी. मशीन बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत थांबायला मी. कुणाच्या शर्टाचा रंग उतरला, कुणाची ओढणी दुसऱ्याच्याच गठ्ठ्यात गेली, तर समजूत काढायला मी, कारण तक्रारीला 24 तासांत मालकाचं उत्तर गेलं पाहिजे असं कंपनीच्या नियमपुस्तकात होतं. शिवाय साप्ताहिक अहवाल, ऑनलाइन प्रशिक्षण आणि आधी न सांगता होणारी तपासणी. तिसऱ्या महिन्यापासून मी तास लिहू लागलो. सगळ्यात हलका आठवडा 41 तासांचा निघाला, सगळ्यात जड 63 चा. आणि हे नोकरी सांभाळून!

बायको म्हणाली, पगारी व्यवस्थापक ठेव. ठेवायचा म्हणून तक्ता पुन्हा काढला, आणि तेव्हा कुठे पेटलं डोक्यात. त्यात व्यवस्थापकाचा पगार धरलेलाच नव्हता. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल कंपनीला द्यायचा हिस्सा, जाते ती एकूण विक्रीवर, नफ्यावर नाही. कंपनीच्या जाहिरातींसाठी द्यायच्या निधीचंही तेच. हे दोन्ही गेल्यावर, भाडं आणि नोकरांचे पगार दिल्यावर जे उरत होतं, ते जवळजवळ एका व्यवस्थापकाच्या पगाराइतकंच होतं. म्हणजे ज्याला ते नफा म्हणत होते, ती माझीच मजुरी होती. दहा तास खरे मानले तर नफा खोटा, नफा खरा मानला तर दहा तास खोटे. आणि दोन्ही आकडे त्याच प्रतिनिधीने दिलेले.

सही करण्याआधी मी एका चालू दुकानाच्या मालकाशी फोनवर बोललो होतो, अगदी आंधळेपणाने उडी मारली नव्हती. तो म्हणाला होता, "मी तर शनिवारीच जातो." खोटं बोलला नाही तो. पुढे त्याच्या दुकानात गेलो तेव्हा दिसलं, रोज सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचा भाऊ गल्ल्यावर बसतो, बिनपगारी. मी त्याला विचारायला हवं होतं की तू नसतोस तेव्हा कोण असतं, आणि त्याला किती देतोस.

कंपनीकडे वाद घालायला गेलो तर त्यांनी कराराचं पान उघडून पुढे केलं. मालकाने किंवा कंपनीने मान्य केलेल्या प्रशिक्षित व्यवस्थापकाने दुकानात पूर्णवेळ हजर राहावं, असं एक कलम. आणि शेवटी दुसरं: कराराबाहेरचं कुठलंही तोंडी आश्वासन बंधनकारक नाही. माझी वही तिथेच रद्दी झाली.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी फ्रँचायझी घेणाऱ्याला कंपनीने माहितीपत्र द्यावं लागतं. त्यात 23 बाबी असतात. 15 वी बाब नेमकी हीच, की मालकाला स्वतः किती राबावं लागेल. 20 व्या बाबीत चालू दुकानं आणि सोडून गेलेल्या मालकांचे संपर्कही असतात. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, ही दोन उत्तरं लेखी मागा. सोडून गेलेल्यांशी तर बोलाच. कंपनीने स्वतः निवडून दिलेले नंबर त्यात धरू नका.

मला करार मध्येच मोडता येत नव्हता. दुकान दुसऱ्याला द्यायचं तर कंपनीची संमती आणि हस्तांतर शुल्क, वर जागेच्या भाड्याला माझी वैयक्तिक हमी. म्हणून सुट्टी नसलेली दोन वर्षं काढली.

त्यातच एकदा त्याच प्रतिनिधीचा फोन आला. एक नवा इच्छुक आहे, त्याच्याशी दोन शब्द चांगले बोला, पुढच्या महिन्याच्या रॉयल्टीत सूट मिळवून देतो. "फक्त तासांचा विषय काढू नका," हेही वर. त्या माणसाचा फोन आला तेव्हा मी वही उघडली आणि आठवड्यांचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. मधेच तो गप्प झाला, मग म्हणाला, "जरा सावकाश सांगा, लिहून घेतो."

पुढच्या महिन्याची रॉयल्टी माझ्याकडून पूर्ण वसूल झाली.